तेझे : भांडी घासत घासत प्रार्थना

फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या तेझे या लहानशा खेड्यात 1940 मध्ये स्वित्झर्लंडचे ब्रदर रॉजर येऊन राहिले. युद्धाच्या त्या दिवसांत त्यांनी ज्यू निर्वासितांना आसरा दिला. त्यातूनच प्रोटेस्टंट आणि कॅथलिक ब्रदरांचा एकत्र मठ उभा राहिला. आज उन्हाळ्यात दर आठवड्याला हजारो तरुण इथे येतात. तंबूत किंवा साध्या बराकीत राहतात, घंटा झाली की दिवसातून तीनदा प्रार्थनेला जमतात.

स्वयंपाक, वाढप, भांडी, संडास-सफाई ही कामे आलेलेच वाटून घेतात. काही तरुण स्वयंसेवक म्हणून आठवडे, महिने राहतात. पगार नसतो. जेवायला एकच चमचा; चहा वाडग्यात, मूठ नसलेल्या. हजार वाडगी घासताना शेजारी पोलंडचा किंवा पोर्तुगालचा मुलगा असतो आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत गप्पा रंगतात. मला तरी तेझेचा खरा गाभा याच मोरीपाशी दिसतो.

ब्रदर स्वतःसाठी देणग्या घेत नाहीत, स्वतःच्या कष्टावर जगतात. त्यांची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. तेझेला भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. उन्हाळ्यात व्हिसा केंद्रांवर गर्दी असते, तेव्हा अर्ज लवकर करावा.