सराव कशाचा, सुधारणा कशात?

डोक्याला मार बसला, पक्षाघात झाला किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार जडला की लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग आणि कामाची आखणी करण्याची क्षमता उणावते. ती भरून काढण्यासाठी पद्धतशीरपणे करवून घेतलेला सराव म्हणजे बोधनिक प्रशिक्षण.

या उपचाराचा उगम युद्धातल्या जखमी सैनिकांत आहे. पहिल्या महायुद्धात मेंदूविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी फ्रँकफर्टला, तर दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी उरल पर्वताच्या परिसरातल्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या जवानांवर काम केले. लुरियांच्या एका रुग्णाला एकेक अक्षर आठवून लिहिणे अशक्य झाले होते. कागदावरून हात न उचलता सबंध शब्द एका दमात लिहायला सांगितल्यावर मात्र तो लिहू लागला, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने स्वतःची हकिकत लिहिली. लिहिलेले वाचणे मात्र त्याला अखेरपर्यंत जड गेले. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण तेच काम मेंदूच्या शाबूत भागांकडून वेगळ्या वाटेने करून घेता येते, हा लुरियांचा विचार आजही या उपचाराच्या मुळाशी आहे.

सराव दिसायला साधाच असतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डोक्याला मार लागलेल्यांसाठी बसवलेल्या पद्धतीत कागद, पेन्सिल आणि चक्क धान्य वापरले गेले. मिसळलेली धान्ये निवडून वेगळी करायची, किंवा अक्षरांच्या रांगांतून सांगितलेले तेवढेच अक्षर खोडत जायचे. जमू लागले की काम थोडे अवघड केले जाते. स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या रुग्णांकडून असा सराव घरच्यांच्या मदतीने करवून घेण्याचा प्रयोगही याच संस्थेत झाला. महागड्या यंत्रांवाचून भागते, ही आपल्याकडे लहान गोष्ट नव्हे.

स्किझोफ्रेनियात या उपचाराची गरज विशेष आहे. औषधांनी भास आणि भ्रम आटोक्यात येतात, पण लक्ष आणि स्मरणशक्ती फारशी सुधारत नाही. नोकरी टिकत नाही ती बऱ्याचदा यामुळेच. लंडनच्या टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 40 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुमारे 2,100 रुग्ण होते. बोधनिक क्षमतांत मध्यम प्रमाणात सुधारणा दिसली आणि ती टिकली. लक्षणांवरचा परिणाम मात्र किरकोळ होता. रोजच्या व्यवहारात सर्वाधिक फायदा झाला तो सरावासोबत युक्त्या शिकवल्या आणि पुनर्वसनाचीही जोड दिली तिथे.

खरी अडचण इथेच आहे. माणूस ज्याचा सराव करतो त्यात तो तरबेज होतो. ते कौशल्य दुसऱ्या कामात उतरेलच असे नाही. 2010 मध्ये बीबीसीच्या साहाय्याने ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगात 11,430 प्रौढांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. खेळांत सगळे सुधारले, इतर चाचण्यांत जवळजवळ कोणीच नाही. उलट, अमेरिकेत 2,832 वृद्धांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रयोगात तर्कशक्ती आणि विचारांच्या वेगाच्या प्रशिक्षणाचा परिणाम दहा वर्षांनंतरही मोजता आला. स्मरणशक्तीच्या प्रशिक्षणाचा नाही. पण टिकलेला परिणामही मुख्यतः शिकवलेल्या क्षमतेपुरताच होता.

जाहिरातदारांना एवढा धीर कुठला! ‘लुमॉसिटी’ या खेळांच्या कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल 2016 मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाशी 20 लाख डॉलरची तडजोड करावी लागली. त्याच देशाच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांसाठी एका व्हिडिओ गेमला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परवानगी दिली. मुख्य चाचणीतल्या 348 मुलांपैकी हा खेळ खेळलेल्यांचे लक्ष संगणकी मापनात सुधारले. पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत मात्र ही मुले आणि तुलनेसाठी घेतलेला दुसरा गट यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही.

स्मृती फारच खालावली असेल, तर पाठांतराचे तास वाढवून उपयोग नसतो. तिथे डायरी आणि मोबाइलचा गजर वापरण्याची सवय लावतात. ती लावतानाही रुग्णाला अंदाजाने चुकू देत नाहीत, बरोबर कृतीच पुन्हा पुन्हा करवून घेतात. कारण चूक झाल्याचे त्याला आठवत नाही, पण चुकीची कृती मात्र अंगवळणी पडते.