चुंबकाच्या पोटात : भाग 6 – पिळाचा माग

पोंभुर्ण्यात बांबूला तोटा नाही आणि पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबांना. रविवारी ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापली, दोन-दोन बोटांवर तिच्यात बांबूच्या वीतभर काड्या आडव्या खोवल्या आणि प्रत्येक काडीच्या एकाच टोकाला सुपारीएवढा मातीचा गोळा थापला. पट्टी सांदवाडीतल्या दोन खांबांना ताणून बांधली. सगळे गोळे खाली लोंबत राहिले. मग टोकाची काडी धरून पूर्ण एक गिरकी दिली. पीळ तिथे थांबला नाही, पसरून विरलाही नाही. वाटेतली एकेक काडी वर उचलत, उलटी करत, पुन्हा खाली सोडत तो पलीकडच्या खांबापर्यंत गेला. मागे सगळे गोळे जसेच्या तसे खाली. "काका, पुन्हा फिरवा ना," शेजारची पोरे म्हणाली.

गेल्या भागात आपण रसेल यांनी 1834 साली एडिंबरोजवळच्या कालव्याकाठी घोड्यावरून पाठलाग केलेली एकटी लाट पाहिली. ती पाण्याची होती, ही पिळाची. दोन्ही सॉलिटॉनच, म्हणजे आकार न मोडता धावणाऱ्या एकट्या लाटा. आणि एवढ्याच भांडवलावर 1978 साली प्रसिद्ध झालेले एक गणित समजून घेता येते. ते जर्मनीच्या हान्स-युर्गेन मिकेस्का यांचे.

सीझियम निकेल फ्लोराइड या स्फटिकात निकेलचे अणू रांगेने बसतात आणि मधल्या सीझियममुळे एक रांग दुसरीपासून दूर राहते. प्रत्येक निकेल अणूचा स्पिन, म्हणजे त्याचा इवलासा चुंबक, ही आपली काडी. शेजारच्या स्पिनशी समांतर राहण्याची ओढ म्हणजे रबर. रांगेला आडवे लावलेले चुंबकीय क्षेत्र म्हणजे गोळ्याला खाली ओढणारे गुरुत्व. काडी पट्टीभोवतीच फिरते, तसे या स्फटिकातले स्पिनही रांगेला काटकोनात असलेल्या प्रतलातच राहणे पसंत करतात. जुळणी जवळपास तंतोतंत आहे. मग तिथेही पूर्ण गिरकीचे पीळ धावले पाहिजेत, असे मिकेस्का म्हणाले.

पण ते दिसणार कसे? इथे न्यूट्रॉन कामाला येतो. त्याला विद्युतभार नाही, म्हणून तो स्फटिकात खोल शिरतो. पण तो स्वतः इवलासा चुंबक असतो, म्हणून स्पिनला धडकून वळतो. बाहेर आल्यावर त्याची ऊर्जा किती वाढली किंवा घटली ते मोजायचे. काड्या नुसत्या डुलत असतील, म्हणजे मॅग्नॉन असतील, तर न्यूट्रॉन ठरावीक ऊर्जा देतो वा घेतो आणि आलेखावर शून्याच्या दोन्ही बाजूंना शिखरे येतात. पीळ मात्र वायूच्या रेणूंसारखे दोन्ही दिशांना मिळेल त्या वेगाने फिरतात. त्यांचे शिखर ऐन शून्यावर उभे राहते. तापमान वाढवले की पीळ वाढतात आणि शिखर भरते. क्षेत्र वाढवले की पीळ घालणे महाग पडते आणि ते ओसरते.

1978 साली डेन्मार्कच्या रिसो येथे केम्स आणि स्टायनर यांनी नेमके असे शिखर मोजले. क्षेत्र सुमारे अर्धा टेस्ला, तापमान उणे 263 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 10 केल्विनच्या, आसपास. फार थंड करूनही चालत नाही; 2.65 केल्विनखाली रांगा एकमेकींचे ऐकू लागतात आणि एकमितीय खेळ संपतो.

गंमत पुढे आहे. न्यूट्रॉनने एका हाताने मॅग्नॉन घेतला आणि दुसऱ्या हाताने दिला, तर हिशेब शून्याजवळच येतो. म्हणजे पीळ नसतानाही मधोमध शिखर! ही शंका लवकरच निघाली आणि पीळ आणि मॅग्नॉन यांचे वाटे वेगळे करायला पुढे ध्रुवित, म्हणजे स्पिन एकाच दिशेला लावलेले, न्यूट्रॉन लागले. 1978 च्या त्या एका आलेखावर 'सॉलिटॉन सापडला' अशी चिठ्ठी डकवणे घाईचे होते, असे मला वाटते. ग्रेनोबलच्या बुशे, रेन्यो आणि सहकाऱ्यांनी निवडलेले मँगनीजचे प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट असलेले) संयुग जास्त खणखणीत साक्ष देते. तिथे पीळ अर्ध्या गिरकीचा असतो आणि तो गेला की मागचे सगळे स्पिन उलटे होऊन बसतात. असा फरक जवळच्या अणुकेंद्रालाही जाणवतो.

आपल्याकडे या कामाचे घर तुर्भे. 'ध्रुव' ही 100 मेगावॅटची अणुभट्टी 8 ऑगस्ट 1985 रोजी सुरू झाली. तिच्यातले न्यूट्रॉन पदार्थांच्या अभ्यासासाठी वापरले जातात. तिथल्याच भाभा अणुसंशोधन केंद्रातले अनुप कुमार बेरा यांनी बर्लिनच्या बेला लेक आणि इतरांबरोबर 2017 साली कोबाल्टच्या मळसूत्री साखळ्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. तिथे अर्ध्या गिरकीचे पीळ सुटे राहत नाहीत. दोघांमधला तुकडा शेजारच्या साखळ्यांच्या विरोधात जातो आणि तो जितका लांबेल तितकी किंमत वाढते. म्हणून ते जोडीने बांधलेले राहतात.

पट्टी सोडू नका. दोघांनी दोन टोकांना समोरासमोर उभे राहून आपापल्या बाजूने घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक गिरकी द्या आणि दोन पीळ जवळ आल्यावर काय करतात ते पाहून ठेवा. पुढचा भाग तिथून सुरू करू.