दोन विषय राहिले म्हणून काय झालं?

आमच्या गांधीबागेत सकाळ होते ती कापडाच्या गठ्ठ्यांच्या आवाजाने. ठोक दुकानांची शटरं वर जातात, हातगाड्या लागतात आणि घराघरातल्या बायका फॉल लावायच्या साड्या घेऊन बसतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी हेच काम करतात. त्यांचे यजमान दुकानात सेल्समन. २०२२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी त्यांची मुलगी मार्कशीट घेऊन वर आली. डिप्लोमाचं पहिलं वर्ष, गणितासह दोन विषय राहिलेले.

"काकू, सगळे म्हणून राहिले, सोडून दे. तुम्हीच सांगा आता."

मैत्रिणींनो, आज कबूल करते, मीही तेच सांगितलं. "बी.ए. कर बाई, मीही बी.ए.च आहे." दहावीला अठ्ठावन्न टक्के आणि त्यात ही एटीकेटी! बचतगटाच्या बायकांना 'मुलींना शिकवा' म्हणून सांगत फिरणारी मी, स्वतःच्याच जिन्यावर कच खाल्ली.

पोरगी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून रात्री उशिरापर्यंत खाली लाईट दिसायचा. आई फॉल लावतेय, लेक गणितं सोडवतेय. हिवाळी परीक्षेत दोन्ही विषय सुटले. शेवटची टक्केवारी ऐंशीच्या पुढे गेली तेव्हा मात्र मीच पेढे घेऊन खाली गेले.

मग मीही जरा माहिती काढली. डिप्लोमा झालेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी नसते आणि दहावीच्या मार्कांवर मेरिट लागत नाही; लागतं ते डिप्लोमाच्या टक्क्यांवर. पात्रतेला ४५ टक्के लागतात, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४०. अर्थात पात्र होणं वेगळं आणि चांगलं कॉलेज मिळणं वेगळं. १८५४ पासूनचं पुण्याचं सीओईपी, १८८७ पासूनचं मुंबईचं व्हीजेटीआय, इथे याच वाटेने जाता येतं, पण तिथली चुरस फार मोठी.

आम्ही दोघींनी बसून फॉर्म भरला. पसंतीक्रमात आधी पुणं, मग इतर सरकारी कॉलेजं. पहिल्या फेरीत नाव लागलं नाही. पोरीचा चेहरा पडला. पुढच्या फेरीत अमरावतीचं सरकारी कॉलेज लागलं. कॉम्प्युटर हवं होतं, मिळालं सिव्हिल. "चालते काकू," ती म्हणाली, "पुलं बांधीन."

आता प्रश्न आला पैशाचा. नेमका त्याच वर्षी, २०२४ च्या जुलैत, राज्य सरकारने निर्णय काढला होता: कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरेल. मात्र प्रवेश सरकारी कॅप प्रक्रियेतूनच हवा. होस्टेल-मेसचा खर्च आपला आपण करायचा. वहिनींनी भिशी उचलली आणि तो प्रश्न सोडवला.

म्हणून सांगते, तुमच्या घरी अशी लेक असेल तर उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर यातलं जे लागू असेल ते निकालाआधीच काढून ठेवा. कागदासाठी सीट गेली, असं व्हायला नको. पुढची तयारीही ठेवा. डिप्लोमाच्या मुलांना दुसऱ्या वर्षाचं गणित जड जातं.

तिलाही गेलंच. पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी ती फोनवर रडली. त्या वेळी मी बी.ए.चं नाव काढलं नाही. "मागच्या वेळी कसं सुटलं होतं?" एवढंच विचारलं. या खेपेला गणित पहिल्याच फटक्यात निघालं.

निकाल सांगायला वहिनी वर आल्या. हातात अर्धी फॉल लावलेली साडी तशीच. म्हणाल्या, "ताई, माही पोरगी ढ नव्हती. तिले जरा वेळ लागला, बस."

त्या दिवशी 'सोडून दे' म्हणणाऱ्यांत मीही होते. पण वहिनींनी मला ते कधी बोलून दाखवलं नाही. तुमच्या दारात उद्या एखादी पोर अशी मार्कशीट घेऊन आली, तर सल्ला देण्याआधी तिला आत बोलवा, चहा ठेवा आणि आधी तिचं म्हणणं ऐका.