सहकाराची घडण (भाग 9) : संस्थेचं रूप बदलताना

भिवंडीहून कल्याणकडे निघालं की दुर्गाडीच्या पुलाअलीकडे कोन लागतं. यंत्रमागाचे गाळे, कपड्याच्या रंगाईचे कारखाने, गोदामं आणि त्यांच्यामधून वर आलेली नवी गृहसंकुलं. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नियोजित मार्गावर कोनगावचं स्थानकही आहे. अशा झपाट्याने वाढणाऱ्या गावात जुन्या सहकारी संस्थांना आपली चौकट अपुरी वाटू लागते. पतसंस्थेला शेजारच्या राज्यातले सभासद हवे असतात, संकुलातल्या एखाद्या इमारतीला वेगळं व्हायचं असतं, माल एकत्र विकणाऱ्यांना मोठं भांडवल उभारायचं असतं. मग सभेत कुणीतरी म्हणतं, ‘कंपनीच करून टाकू या.’ गेल्या भागात आपण नोंदणी कशी होते ते पाहिलं. झालेली नोंदणी बदलायची तर काय, ते आज पाहू.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये सहकारी संस्थेची थेट कंपनी करण्याची वाट नाही. कलम 17 चार गोष्टींना मुभा देतं: दुसऱ्या संस्थेत विलीन होणं, मालमत्ता व देणी दुसऱ्या संस्थेकडे सोपवणं, एका संस्थेच्या दोन किंवा अधिक संस्था करणं आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गाची संस्था होणं. चारही बाबतींत संस्था शेवटी सहकारी संस्थाच राहते.

कोनसारख्या ठिकाणी यांपैकी विभाजनाचा प्रश्न वारंवार येतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. समजा, चार इमारतींची मिळून एक गृहनिर्माण संस्था आहे आणि एका इमारतीला वेगळं व्हायचं आहे. तेवढ्याचसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. निबंधकाची पूर्वमान्यता लागते आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सभासद ठरावाच्या बाजूने असावे लागतात. हे प्रमाण एकूण सभासदांचं नाही, हजर राहून मत देणाऱ्यांचं आहे. दोनशे सभासदांच्या संस्थेत साठच जण सभेला आले आणि सगळ्यांनी मत दिलं, तर चाळीस हात वर झाले की ठराव मंजूर. सभेला न गेलेल्या एकशे चाळीस जणांचं मत कुठेच मोजलं जात नाही.

यात देणी एका संस्थेकडून दुसरीकडे जाणार असतील तर आणखी एक टप्पा येतो. सभासद, धनको आणि ज्यांच्या हिताला बाधा येऊ शकते अशा सगळ्यांना नोटीस द्यावी लागते. नोटिशीपासून एक महिन्याच्या आत त्यांनी निवड करायची: नव्या रचनेत राहायचं की आपला भाग, आपलं येणं परत मागायचं. ज्यांनी पैसे परत मागितले त्यांचा हिशेब पूर्ण चुकता झाल्याची खात्री पटेपर्यंत निबंधक ठरावावर आदेश देऊ शकत नाही. पण जो महिनाभर काहीच कळवत नाही, त्याची संमती आहे असं कायदा धरून चालतो. कुलूप लावून गावी गेलेल्या किंवा घर भाड्याने देऊन परगावी राहणाऱ्या सभासदावर याचा थेट परिणाम होतो. म्हणून कार्यकारिणीने नोटीस फलकावर डकवून थांबू नये. ती प्रत्येकाच्या हाती पडली का, हे बघितलंच पाहिजे. पाण्याची टाकी, आतला रस्ता, देखभाल निधी यांची वाटणी कशी होणार, तेही मसुद्यात आधी लिहून घ्यावं. वाद उठतात ते याच गोष्टींवरून.

आता राज्याबाहेर जाण्याविषयी. बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, 2002 च्या कलम 22 प्रमाणे राज्यातली संस्था उपविधी दुरुस्त करून कार्यक्षेत्र वाढवते आणि बहुराज्य संस्था होते. दुरुस्ती केंद्रीय निबंधक संबंधित राज्यांच्या निबंधकांचं मत घेऊन नोंदवतो. त्यानंतर राज्याच्या कायद्याखालचं तिचं अस्तित्व संपतं. कागदावर बदल लहान दिसतो, पण संस्थेवर देखरेख करणारा अधिकारी दिल्लीत जातो. पतसंस्थेच्या ठेवीदाराने या बदलाला हात वर करण्याआधी तक्रार कुठे करायची, हे विचारून घ्यावं. 2023 च्या दुरुस्तीने सहकार लोकपाल आणि निवडणूक प्राधिकरण आणलं, ही जमेची बाजू.

कंपनीचा रस्ता इथूनच पुढे जातो, आणि तोही अरुंद आहे. य. के. अलघ समितीच्या शिफारशींनंतर 2003 पासून उत्पादक कंपनी हा प्रकार आला; आज त्याच्या तरतुदी कंपनी कायदा, 2013 च्या प्रकरण 21 अ मध्ये आहेत. त्यातलं कलम 378-जे आंतरराज्य सहकारी संस्थेला उत्पादक कंपनी होऊ देतं. एकाच राज्यापुरत्या संस्थेचा त्यात समावेश नाही. शिवाय कंपनी झाली तरी व्यक्ती-सभासदांना एकच मत मिळतं, भाग कितीही असोत. उत्पादनाच्या व्याख्येत शेतमाल आहे, हातमाग आहे, हस्तकला आहे. यंत्रमागाचं नाव नाही. भिवंडीच्या यंत्रमागधारकांनी हे आधी वाचावं आणि मगच सल्लागाराला पैसे द्यावेत.

कायदा बाहेरचा रस्ता एवढा अरुंद का ठेवतो? मला वाटतं, राखीव निधीसाठी. नफा मिळवणाऱ्या संस्थेला दरवर्षी निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. त्यात पिढ्यापिढ्यांच्या सभासदांनी न घेतलेला लाभांश असतो. संस्था गुंडाळली तरी उरलेली मालमत्ता सभासदांनी सहजी वाटून घ्यावी, हे कायद्याला मान्य नाही. त्या निधीवर आजच्या सभासदांचा हक्क राखणदाराचा आहे.

ही राखण सुटली की काय होतं, ते ब्रिटनने दाखवलं. तिथल्या 1986 च्या कायद्याने सभासदांच्या मालकीच्या घरबांधणी कर्जसंस्थांना कंपनी होण्याची मोकळीक दिली. 1989 मध्ये अॅबे नॅशनल, 1997 मध्ये नॉर्दर्न रॉक अशा संस्था शेअर बाजारात गेल्या. सभासदांना फुकट शेअर मिळाले, ते अनेकांनी लगेच विकले. 2007 मध्ये नॉर्दर्न रॉकच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या आणि 2008 च्या फेब्रुवारीत सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. त्या लाटेत कंपनी झालेली एकही संस्था आज स्वतंत्र उरलेली नाही.

आपल्याकडे बँकांसाठी वेगळी सोय आहे. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये नागरी सहकारी बँकांना लघु वित्त बँक होण्याची ऐच्छिक योजना दिली. किमान 50 कोटींचं नक्त मूल्य ही एक अट. सहारनपूरच्या शिवालिक बँकेने एप्रिल 2021 मध्ये ते रूप घेतलं.

पण रूप न बदलताही पुष्कळ करता येतं. राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी निर्यातीसाठी 1991 मध्ये महाग्रेप्स उभी केली, ती भागीदारीच्या रूपात. आपल्या राज्याच्या कायद्याचं कलम 20 संस्थांना अशी भागीदारी करू देतं. प्रत्येक संस्थेच्या सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांश सभासदांचा पाठिंबा, दहा दिवसांची लेखी सूचना आणि निबंधकाची मान्यता एवढं त्याला लागतं. संस्था आपापल्या जागी राहिल्या आणि द्राक्षं परदेशी गेली. सूत एकत्र घ्यायचं, कपडा एकत्र विकायचा, एवढ्यासाठी कोनच्या दोन-तीन संस्थांना नवी नोंदणी कशाला हवी? हे कलम काढून आधी सभेत वाचा.

पुढच्या भागात: विभाजनाच्या ठरावाचा मसुदा कसा लिहावा, आणि निबंधक तो कोणत्या कारणांनी परत पाठवतो.