गाडी तीन इंच उचलली, तरी पांदणीत अडकते तशीच! घरच्या घरी ‘लिफ्ट’ करण्यामागचं गणित काय आहे?

इन्स्टाग्राम उघडलं की दर चौथ्या रीलमध्ये एक थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी चिखल उडवत जाताना दिसते. टायर ट्रकला शोभतील एवढे, आणि गाडी इतकी उंच की दारात पाय ठेवायला शिडी लागावी. खाली कमेंटमध्ये एकच प्रश्न असतो, “भाऊ, लिफ्ट किती इंच?” मग कुणीतरी सांगतो की यात काय आहे, लेथवर दोन स्पेसर करून घे, मिस्त्रीकडून शॅकल लांब करून घे, चार-पाच हजारांत काम होतं.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हा मोह जरा जास्तच होतो, आणि त्याला कारणही आहे. हा धानाचा आणि तलावांचा मुलुख. जुलैत रोवणी सुरू झाली की बांध्यांमध्ये पाणी उभं राहतं, ट्रॅक्टर चिखलणी करून बाहेर पडतात आणि पांदण रस्त्यांवर गुडघाभर खोल चाकोऱ्या पडतात. त्यात जमीन कन्हार असेल तर विचारूच नका, चाकाला चिकटलेला गाळ चाकापेक्षा जड होतो. पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, कुठेही डांबर सोडून आत वळलं की साध्या कारचं पोट जमिनीला घासतं. तेव्हा ‘गाडी थोडी उचलून घेऊ’ हा विचार वेडगळ नाही.

प्रश्न एवढाच आहे की उचलल्याने नेमकं काय उचललं जातं.

कंपनीकडून येताना महिंद्रा थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर असतो आणि जिम्नीचा २१०. हा आकडा मोजला जातो गाडीच्या सगळ्यात खालच्या जागेपासून जमिनीपर्यंत. ज्या गाड्यांना अखंड ॲक्सल असतो, म्हणजे जिप्सी, जिम्नी, जुन्या विलीस घराण्यातल्या महिंद्रा जीप, त्यांच्यात ही सगळ्यात खालची जागा बहुतेक वेळा ॲक्सलवरचा तो गोल डबा असते. त्याला डिफरन्शियल म्हणतात. आता गंमत बघा. हा डबा चाकांसोबत असतो, बॉडीसोबत नाही. स्प्रिंग उंच केली, पाट्यांखाली ठोकळा टाकला, काहीही केलं तरी चेसिस आणि बॉडी वर जाते, पण डिफरन्शियल जिथे होतं तिथेच राहतं, जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर.

आणि ट्रॅक्टरच्या चाकोरीत गाडी अडकते कशामुळे? चाकं चाकोरीत उतरतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि त्यावर पहिल्यांदा टेकतं ते डिफरन्शियलच. तीन इंच लिफ्ट केलेली गाडी पांदणीत बसते ती म्हणूनच. फक्त बसताना ती फोटोत जास्त रुबाबदार दिसते.

डिफरन्शियल वर उचलायचं असेल तर एकच मार्ग आहे, मोठं चाक. तेही अर्धंच, कारण चाकाचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्म्यानेच ॲक्सल वर जातो. जिम्नीचं मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. हौशी लोक त्याजागी २३५/७५ आर १५ टाकतात, व्यास साधारण ७३३. फरक ४० मिलिमीटर, म्हणजे ॲक्सल वर गेला २० मिलिमीटर. पाऊण इंच. त्या बदल्यात स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८५ ने पळत असते.

मग लिफ्टचा काहीच उपयोग नाही का? आहे. मोठं चाक मडगार्डला घासू नये म्हणून जागा मिळते, चढावर नाक आणि उतरताना शेपूट टेकत नाही, धुऱ्यावरून जाताना गाडीचं पोट वाचतं. पण हे मिळवण्याच्या ज्या स्वस्त पद्धती गॅरेजमध्ये चालतात, त्यातली प्रत्येक पद्धत कशाच्या तरी बदल्यात येते.

पाट्यांच्या गाडीत सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे लांब शॅकल. कमानपाट्याचं एक टोक चेसिसला पक्कं असतं आणि दुसरं शॅकल नावाच्या लहान पट्ट्यांवर झुलतं. पट्ट्या लांब केल्या की गाडी वर येते. दोन इंच लांब केल्या तर एक इंच, कारण ॲक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर असतो. पण पाट्याचं एकच टोक खाली गेल्यामुळे ॲक्सल किंचित फिरतो, आणि पुढच्या ॲक्सलचं असं फिरणं स्टीअरिंगला लागतं. वळणानंतर स्टीअरिंग सोडलं की चाकं आपोआप सरळ होतात ना? ते ज्या कोनामुळे होतं त्याला कॅस्टर म्हणतात. तो बिघडला की गाडी रस्त्यावर भिरभिरते. कधी एखाद्या खड्ड्यानंतर पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागतात की गाडी जवळपास थांबवल्याशिवाय ती थडथड थांबत नाही. इंग्रजीत याला ‘डेथ वॉबल’ असं नाव पडलंय, आणि ज्यांनी ८० च्या वेगात ते अनुभवलंय त्यांना ते नाव अतिशयोक्तीचं वाटत नाही.

दुसरी पद्धत ठोकळ्यांची. ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा टाकायचा आणि लांब यू बोल्टने आवळायचं. मागच्या ॲक्सलला योग्य मापाचा, एकसंध, खाचेत बसणारा ठोकळा चालतो. पुढच्या ॲक्सलला तो टाकूच नये, कारण ब्रेक मारल्यावर सगळा जोर पुढे येतो आणि ठोकळा पिळला जातो. ठोकळ्यावर ठोकळा रचणं किंवा लाकडाचा तुकडा घालणं हे तर गाडी रस्त्यात सोडून देण्यासारखं आहे. जुनेच यू बोल्ट परत वापरणं हीसुद्धा अशीच नडणारी काटकसर. एकदा ताणले गेलेले यू बोल्ट दुसऱ्यांदा तितकी पकड देत नाहीत. नवे टाकले तरी पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

जिप्सीवाल्यांची आवडती तिसरी पद्धत म्हणजे ॲक्सलखाली असलेले पाटे काढून ॲक्सलच्या वर बसवणं. एका फटक्यात गाडी पाच इंचांच्या आसपास उचलली जाते. दिसायला वेल्डिंगचं काम, पण त्यासोबत स्टीअरिंगचे दांडे तिरके होतात, मग प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग स्वतःहून ओढ खातं. ब्रेकचे होज पाईप ताणले जातात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातो. हे सगळं दुरुस्त करता येतं, नाही असं नाही. पण मग ते चार-पाच हजारांचं काम राहत नाही.

२०२० च्या आधीच्या बऱ्याच थारमध्ये पुढे टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी. तिचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक फुकटात वर येतं. या फुकटाची किंमत अशी की चाकाची खाली जाण्याची हालचाल तेवढीच कमी होते, एक्सलचे जॉइंट कायम तिरक्या कोनात फिरतात आणि टायर एका बाजूने झिजतात. शिवाय चाक खाली पोहोचत नसल्याने ऊबडखाबड जागी ते हवेत लटकतं. ज्यासाठी खटाटोप केला तेच बिघडलं.

आणि ऑनलाइन मिळणारे ते पारदर्शक रबरी बफर, कॉइल स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे? ते स्प्रिंगची काही वेटोळी बाद करतात. गाडी थोडी उंच वाटते, कारण स्प्रिंग दबायचीच थांबते.

या सगळ्यात दोन बारीक गोष्टी आहेत ज्या रीलमध्ये कधीच दिसत नाहीत. जिप्सी किंगसारख्या काही गाड्यांमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेला एक वॉल्व्ह असतो. मागे वजन किती आहे हे तो बॉडी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून ओळखतो आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब देतो. गाडी उचलली की अंतर वाढतं. वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. आत सहा माणसं बसलेली असली तरी! दुसरी गोष्ट शॉकअपची. गाडी उचलून शॉकअप जुनेच ठेवले, तर चाक खाली जाताना शेवटचा झटका शॉकअपवर येतो आणि एक दिवस त्याचं टोक तुटतं. ते लांब घेतले तर खड्ड्यात पूर्ण दबून आतून फुटतात, त्यासाठी बंप स्टॉपही वाढवावा लागतो. म्हणजे एक बदल केला की चार बदल मागे लागतात.

आता उलटण्याचं गणित. अमेरिकेतली वाहन सुरक्षा यंत्रणा एक साधा आकडा वापरते. डावी-उजवी चाकं एकमेकांपासून किती लांब आहेत ते अंतर घ्यायचं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं. साध्या कारचा आकडा १.३ ते १.५ च्या घरात येतो, उंच गाड्यांचा १ ते १.३. समजा चाकांतलं अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर. आकडा आला १.०८. तीन इंच लिफ्ट केली, चाकं आणि ॲक्सल खालीच राहिले म्हणून गुरुत्वमध्य समजा ६ सेंटिमीटरच वर गेला. आकडा ०.९९. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण भंडारा-नागपूर महामार्गावर कुत्रं आडवं आलं, स्टीअरिंग झटक्यात फिरवलं आणि बाजूच्या मऊ मुरमात चाक रुतलं, की हा किरकोळ फरकच ठरवतो की गाडी घसरणार की लोळणार. बहुतेक गाड्या अशाच उलटतात, कशाला तरी अडखळून. त्यात थार-जिम्नीमधली घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा कंपनीच्या उंचीसाठी जुळवलेली असते, मिस्त्रीने दिलेल्या उंचीसाठी नाही.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच कडक शब्दांत सांगितलं. रंग, लहानसहान जोडण्या चालतील, पण मूळ रचना बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, म्हणून लिफ्ट चालते, असं गॅरेजमध्ये ठामपणे सांगितलं जातं. पण कायद्यात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. वेल्डिंग करून पाटे ॲक्सलच्या वर नेणं यात बसत नाही, असं अधिकाऱ्याला पटवून देणं सोपं नाही. गाडी एमएच ३६ असो की मुंबईची, नियम तोच.

खरा फटका मात्र दंडाचा नसतो, विम्याचा असतो. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो. विमा कंपनीला न कळवलेला बदल दिसला की दावा अडकतो. समोरच्या जखमी माणसाची भरपाई कुणी द्यायची, हा वादही मग मालकाच्याच दारात येतो.

मग पांदणीतून जायचं कसं? उत्तर कंटाळवाणं आहे, पण स्वस्त आहे. बऱ्यापैकी खाचांचे, मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर, आणि हवेचा दाब. चिखलात शिरण्याआधी दाब १८-२० पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि अनेकदा तीन इंच लिफ्टपेक्षा जास्त काम करतो. डांबरावर येण्याआधी हवा परत भरायची, त्यासाठी सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप पुरतो. सोबत ओढायचा चांगला पट्टा आणि चेसिसवर पक्का हुक. चाकोरी खोल असेल तर त्यात न उतरता एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवून जायचं. गावातले जुने जीपवाले हे न सांगता करतात.

तरीही लिफ्ट करायचीच असेल तर स्प्रिंग, शॉकअप, ब्रेक होज आणि स्टीअरिंगचे भाग एकत्र जुळवलेलं, त्या गाडीसाठीच बनलेलं किट घ्या, दीड-दोन इंचांवर थांबा आणि आधी परिवहन कार्यालय व विमा कंपनीला लेखी विचारा. कॉइल स्प्रिंग घरी काढायच्या भानगडीत पडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती हाड मोडते, जीवही घेते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, अगदी ‘दोन मिनिटं’ म्हणूनसुद्धा, शिरू नये. खाली घोडी लावलेलीच हवी.

जुनी जिप्सी किंवा थार विकत घेताना मालक “लिफ्टेड आहे” असं कौतुकाने सांगत असेल, तर गाडी रॅम्पवर चढवून घ्या. ॲक्सलजवळ कच्चं वेल्डिंग, यू बोल्टच्या नटाबाहेर डोकावणारे गंजलेले आटे, तारेसारखा ताणलेला ब्रेक होज, एका कडेने झिजलेले पुढचे टायर, यातलं काहीही दिसलं तर गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलणी करा. आणि संध्याकाळी एकदा भिंतीसमोर उभी करून हेडलाइट लावून बघा. पुढचा भाग उचललेल्या गाडीचा प्रकाश वर जातो, आणि समोरून सायकलवर येणाऱ्या माणसाला रस्ताच दिसत नाही.