शिवण बसवण्याची कला

महाराष्ट्रातील खेडोपाडी गोधडी सर्वांच्या परिचयाची आहे. राज्याच्या दक्षिण भागात तिला वाकळ असेही म्हणतात. विरलेली लुगडी, जुनी धोतरे, लहान झालेली परकर-पोलकी अशा वापरून झालेल्या वस्त्रांतून ती तयार होते. जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक अंथरावयाचे, वर रंगीबेरंगी तुकड्यांची मांडणी करावयाची आणि धावदोरा घालून सारे थर एकजीव करावयाचे, ही तिची सर्वसाधारण रीत होय. गोधडी पाहणाऱ्याचे लक्ष रंगांकडे व टाक्यांकडे जाते. परंतु ती चांगली होण्यासाठी आणखी एक काम करावे लागते, आणि ते सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. ते काम म्हणजे कापडाची दुमड आणि शिवण दाबून नीट बसवणे.

हे काम वरवर क्षुल्लक वाटते. पण त्यावाचून काय होते ते पाहावे. तान्ह्या बाळासाठी जुन्या मऊ सुती कापडाचे दुपटे शिवतात. त्याची शिवण नीट बसलेली नसेल, तर कापडाच्या पदरांचा कंगोरा तयार होतो आणि तो बाळाच्या नाजूक अंगाला रुततो. मोठ्या गोधडीची गोष्ट याहून वेगळी नाही. ती धुताना दगडावर आपटली जाते, घासली जाते. जो भाग वर आलेला असतो, तो सर्वांआधी झिजतो व फाटतो. बाजारातून आणलेले कापड फाटले तर दुसरे आणता येते. परंतु आजीचे लुगडे एकदा गोधडीत गेले, की तसे दुसरे कोठून आणणार? म्हणूनच जुन्या वस्त्राची गोधडी शिवताना अधिक काळजी घ्यावी लागते.

दोन तुकडे जोडताना शिवणीच्या आतल्या बाजूस थोडे कापड शिल्लक ठेवतात. शिंपी त्याला ‘माया’ म्हणतात. माया कमी पडली, तर शिवण उसवते. जास्त झाली, तर आत कापडाचा बोजा होतो. गोधडीच्या तुकड्यांना साधारणपणे पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर माया पुरते. शिवण झाल्यावर ही माया कोणत्या बाजूस झुकवावयाची व कशी दाबावयाची, यातच सारे कौशल्य आहे.

येथे थोडा हिशेब करून पाहावा. एका ओळीत 12 चौकोन जोडावयाचे असतील, तर 11 शिवणी येतात. शिवण पुरती न उलगडल्यामुळे प्रत्येक ठिकाणी 2 मिलिमीटर कापड दुमडीत अडकून राहिले, तर संपूर्ण ओळ 22 मिलिमीटरनी आखूड होते. शेजारची ओळ नीट दाबलेली असेल, तर ती तेवढीच लांब भरते. मग या दोन ओळींचे कोपरे जुळत नाहीत. ओढूनताणून जुळवले, तर कापडाला चुण्या पडतात. चूक प्रत्येक शिवणीत बारीकच असते. पण ती सर्व ओळभर साठत जाते. यासाठी सगळे तुकडे जोडून झाल्यावर शेवटी एकदाच दाबणे उपयोगी पडत नाही. एक शिवण घालावी, ती बसवावी आणि मगच दुसरी घालावी.

शिवण बसवण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे माणसाचे बोट. तुकड्याची कड आत दुमडून तिच्यावरून अंगठ्याचे नख दाबून फिरवले, की घडी उमटते. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या गोधड्या प्रसिद्ध आहेत. त्यांतही तुकड्यांच्या कडा हातानेच आत दुमडून त्यांवर धावदोरा घालीत जातात. काही घरांत पितळी तांब्यात निखारे घालून त्याच्या तापलेल्या बुडाने कपडे दाबीत असत. पुढे लोखंडी कोळशाची इस्त्री आली आणि त्यानंतर विजेची इस्त्री आली. साधने बदलली, पण काम तेच राहिले.

उष्णतेने घडी का बसते, हेही समजून घेण्याजोगे आहे. कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याचा बनलेला असतो. त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असून त्या एकमेकींशी बारीक बंधांनी जखडलेल्या असतात. ओलावा व उष्णता मिळाली, की हे बंध सैल होतात आणि तंतू वाकवू तसे वाकतात. कापड कोरडे होऊन थंड झाले, की बंध नव्या जागी पुन्हा जुळतात, आणि घडी टिकून राहते. म्हणून दाबलेला तुकडा गरम असतानाच उचलू नये. तो निवेपर्यंत सपाट राहू द्यावा.

इस्त्री करणे आणि शिवण दाबणे यांत मोठा फरक आहे. सदऱ्यावर इस्त्री पुढेमागे फिरवतात. शिवणीवर मात्र ती वरून ठेवावी, क्षणभर दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने फारसे ताणले जात नाही. तिरक्या दिशेने मात्र ते सहज ताणले जाते. या तिरक्या कापास शिंपी ‘उरेब’ म्हणतात. त्रिकोणी तुकड्याची एखादी बाजू बहुधा उरेब असते. तिच्यावरून इस्त्री घासत नेली, तर त्रिकोणाचा आकार बिघडतो, आणि एकदा बिघडलेला आकार सहजासहजी पूर्ववत होत नाही. ओले कापड अधिकच ताणले जाते. म्हणून पाणी शिंपडावयाचे ते बेताचेच शिंपडावे.

दाबण्याचा क्रम असा आहे. प्रथम दोन्ही तुकडे एकमेकांवर मिटलेले असतानाच शिवणीवर इस्त्री ठेवावी. त्यामुळे दोरा कापडात बसतो. नंतर वरचा तुकडा उलगडून शिवण सुलट्या बाजूने दाबावी. माया एकाच बाजूस झुकवावयाची असल्यास ती गडद रंगाच्या तुकड्याखाली घ्यावी. पांढऱ्या धोतराच्या तुकड्याखाली काळ्या लुगड्याची माया राहिली, तर तिची सावली वर दिसते. एका बाजूस झुकलेली शिवण मजबूतही असते. कारण तेथे टाक्यांच्या खाली कापडाचा आधार राहतो. हाताने घातलेल्या शिवणीला तर हीच पद्धत अधिक मानवते.

दोन ओळी जोडावयाच्या असतील, तर पहिल्या ओळीतील सर्व माया उजवीकडे आणि दुसऱ्या ओळीतील सर्व माया डावीकडे झुकवावी. असे केल्याने दोन शिवणींचे उंचवटे एकमेकांना टेकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. दोन्हीकडील माया एकाच दिशेस गेली, तर कापडाचे पदर एकावर एक चढून तेथे गाठ झाल्यासारखे वाटते. जेथे आठ टोके एका बिंदूत मिळतात, अशा चांदणीच्या आकृतीत मात्र माया दोन्ही बाजूंना उलगडून दाबणे सोयीचे असते. त्यामुळे जाडी वाटली जाते.

कापडाची जातही ओळखावी लागते. सुती कापड सुमारे 200 अंश सेल्सिअसपर्यंतची इस्त्री सोसते. पॉलिएस्टरला 150 अंशांच्या वर नेऊ नये. ते आकसते किंवा वितळते. जरीच्या काठावर व जीर्ण वस्त्रावर इस्त्री थेट न ठेवता मध्ये पातळ सुती कापड घालावे. रंग जाणारे कापड आधीच पाण्यात भिजवून पारखून घ्यावे. मुलांनी तापलेली इस्त्री घरातील मोठ्या माणसांच्या देखत हाताळावी. नखाने घडी घालण्याचा सराव मात्र कोणालाही, केव्हाही करता येतो.

गोधडी तयार झाली, की तिची परीक्षा डोळ्यांनी करू नये, तळहाताने करावी. डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवावा. हात कोठेही न अडखळता या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, तर शिवणी नीट बसल्या असे समजावे. त्या हाताला जे जाणवणार नाही, ते रात्री झोपणाऱ्यालाही जाणवणार नाही. शिवण बसवणाऱ्याचे श्रम कोणाला दिसत नाहीत. पण गोधडी वर्षानुवर्षे टिकते आणि निजणाऱ्याला ऊब देते, ती त्या श्रमांमुळेच.