तेजाब, खार आणि मीठ : कापड कशाने कुजते?

गोदामात ठेवलेले चांगले सुती कापड काही आठवड्यांनी हाताच्या ओढीने फाटते. ग्राहक माल परत करतो, व्यापारी विणकराची मजुरी कापतो. सूत आणि माग दोन्ही ठीक असतील, तर दोष रंगाईच्या शेवटच्या धुण्यात शोधला पाहिजे. त्यासाठी थोडे रसायनशास्त्र आम्हा कापडवाल्यांना यायलाच हवे.

शाळेच्या पुस्तकातले आम्ल म्हणजे आपले तेजाब. लिंबू, चिंच, सिरका यांचा आंबटपणा आम्लाचाच. आम्लारी म्हणजे खार : कॉस्टिक सोडा, चुना. धुण्याचा सोडा हा तसा क्षार, पण त्याचे पाणी खारी असते. खाराचे पाणी हाताला बुळबुळीत लागते. 'अल्कली' हा शब्द मूळ अरबी 'अल-कली', म्हणजे खारट जमिनीतील झाडांची राख.

तेजाब आणि खार एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात आणि क्षार व पाणी तयार होते. वहीप्रमाणे याचाही मेळ बसतो. ४० ग्रॅम कॉस्टिक आणि ३६.५ ग्रॅम मिठाचे तेजाब यांतून ५८.५ ग्रॅम मीठ व १८ ग्रॅम पाणी होते. दोन्ही बाजू ७६.५.

जोर मोजण्याचे माप म्हणजे पीएच. ७ म्हणजे बरोबर मध्य, खाली तेजाब, वर खार. एक अंक बदलला की जोर दहापट बदलतो.

सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत आधी मीठ घालतात. ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलते. मग धुण्याचा सोडा घालून पीएच ११ च्या आसपास नेतात, तेव्हा रंग धाग्याशी पक्का जोडला जातो. सोडा कमी पडला तर रंग धुण्यात निघून जातो.

सूत खार सोसते, तेजाब सोसत नाही. लोकर आणि रेशमाचे उलट आहे. कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात लोकर विरघळून जाते, म्हणून ती सौम्य आम्लात रंगवतात.

रंगाईनंतर सुतात उरलेला खार मारायला थोडे तेजाब लागते. इथेच नुकसान होते. स्वस्त म्हणून गंधकाचे तेजाब वापरले आणि ते नीट धुतले गेले नाही, तर पाणी वाळते पण तेजाब उडत नाही. ते धाग्यात दाट होत जाते आणि सूत खाते. अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातले आम्ल, थोडे महाग पडले तरी सौम्य आहे आणि सुकताना बरेचसे उडून जाते.

माल घेताना न रंगलेल्या पांढऱ्या काठावर स्वच्छ पाण्याचा थेंब टाकून निळा लिटमस कागद दाबावा. तो लाल झाला तर तेजाब उरले आहे. खार पाहायला हळदीचा कागद चालतो, खाराने तो तांबडा होतो. खर्च काही पैशांचा, बचत पूर्ण गाठीची.

कारखानदार बांधवांना एक ताकीद : तेजाब पातळ करताना नेहमी पाण्यात तेजाब थोडेथोडे ओतावे. तेजाबात पाणी ओतले तर ते उकळून कारागिराच्या तोंडावर उडते. त्याचे डोळे कोणत्याही गाठीपेक्षा मोलाचे आहेत.

आणि विणकराची मजुरी कापण्यापूर्वी तो लिटमस कागद एकदा जरूर लावून पाहावा.